पेठांमध्ये रेंगाळायला जागा द्या

माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका, यांस



एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. ती आधीच सांगते. ११ डिसेंबरचा पादचारी दिन वर्षातून एकदा न होता दर आठवड्याला व्हावा. तो लक्ष्मी रस्त्याच्या एका तुकड्यापुरता न राहता तुळशीबाग, मंडई आणि बोहरी आळीपर्यंत पोचावा. आणि त्या दिवशी चालणाऱ्या माणसाला टेकायला बाक, प्यायला पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळावे.

२०२१ साली महापालिकेने पहिल्यांदा नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांसाठी बंद केला. त्याआधी, २०१६ साली, पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर करणारे पुणे हे देशातले पहिले शहर ठरले होते. या दोन्ही गोष्टींचे श्रेय महापालिकेचे आहे आणि ते मनापासून देते. पादचारी दिनी त्या रस्त्यावर मी चालले आहे. माणसे मान वर करून चालत होती. एरवी खाली खड्डा आणि मागून दुचाकी, या दोन्हींवर नजर ठेवण्यात जीव गुंतलेला असतो. त्या दिवशी लोकांना लाकडी सज्जे दिसले, गजांच्या खिडक्या दिसल्या, दुकानांच्या पाट्यांच्या वरचे मजले दिसले. आजीचा हात सोडून मुले पुढे पळत होती आणि कोणी ओरडत नव्हते. संध्याकाळी अडथळे उठले आणि सगळे पूर्ववत झाले. पुढच्या ११ डिसेंबरपर्यंत.

पेठांमधल्या बाजाराचे जे वैशिष्ट्य आहे, ते चालल्याशिवाय हाती लागत नाही. याचा विचार आपल्या कार्यालयात व्हावा असे मला फार वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नवी वस्तू आज कुठेही मिळते. मोबाइलवर बोट ठेवले की दुसऱ्या दिवशी दारात येते. पण पुरणयंत्राची एकच जाळी हवी असेल, जुन्या कुकरच्या झाकणाची रिंग हवी असेल, कढईची तुटलेली मूठ, आजोबांच्या कपाटाच्या कुलपाची किल्ली, देव्हाऱ्याच्या दाराची छोटी पितळी बिजागरी हवी असेल, तर माणूस पिशवीत तो मोडका तुकडा टाकून पेठेत येतो. पहिल्या दुकानात नसते. दुकानदार तुकडा हातात घेतो, उलटापालटा करून पाहतो आणि म्हणतो, ‘‘हा जुना साचा आहे. माझ्याकडे नाही. पुढच्या बोळात उजव्या हाताला तिसऱ्या दुकानात विचारा, माझं नाव सांगा.’’ तिथेही नसले तर तो आणखी पुढचे दुकान सांगतो. कोणाकडे काय आहे हे ज्ञान एका दुकानात नाही. ते सगळ्या आळीत मिळून आहे. ते मिळवायचे तर एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर पायीच जावे लागते. गाडीतून उतरून, एक वस्तू घेऊन, परत गाडीत बसणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.

मोडलेले दुरुस्त करून वापरणाऱ्या घरांसाठी हा बाजार आधार आहे. पर्यावरणावर भाषणे खूप होतात. बोहरी आळीतला एखादा दुकानदार पाच-दहा रुपयांचा खिळा किंवा रिंग शोधून देऊन एक अख्खी वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचवतो, तेव्हा तो मोठेच काम करत असतो.

आपण स्वतः एक दिवस काढावा. अधिकाऱ्यांचा ताफा, छायाचित्रकार असे काही नको. सोबत एखादे वयस्कर माणूस घ्यावे, शक्यतो ज्याचे गुडघे दुखतात असे.

सुरुवात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून करावी. आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कुटुंबांनी इथे जम बसवला. त्यांच्यातली काही घरे अजून तांब्यावर हातोडी चालवतात. बंब, घंगाळे, हंडे ही त्यांची जुनी कामे. आता दिवे, थाळ्या, पाण्याचे जग अशी नवी कामेही ते करतात. भांड्याच्या अंगावर एकसारखे ठोके देत जातात त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडे टिकाऊ होते आणि अंगावर गोल गोल चकाकी उमटते. एक ठोका चुकला तर ओळ बिघडते. घरातल्या बंबाला गळती लागली म्हणून लहानपणी वडिलांबरोबर मी इथे आले होते. कारागीर काम करत असताना आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. पाहत बसण्यासारखे ते काम आहे. पण आज तिथे थांबून पाहायचे तर पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो, कारण अरुंद आळीत दुचाकींची रांग भिंतीला टेकून उभी असते आणि उरलेल्या जागेतून दुसऱ्या दुचाकी जात असतात. ज्याला कारागिराच्या दारात दोन मिनिटे उभे राहता येत नाही, तो ते भांडे विकत घेत नाही. त्याला त्याची किंमत का आहे हे कळलेलेच नसते.

तिथून फडके हौदावरून रविवार पेठेत उतरावे. बोहरी आळीत दोर, चाळण्या, रंग, कुलपे, हत्यारे, ताडपत्री, समारंभाची सजावट. याच पेठांच्या पोटात तपकीर गल्ली आहे, जिथे विजेचे सामान मिळते. पासोड्या विठोबाभोवती इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. सोन्या मारुती चौकात सराफ आहेत. एका धंद्याची दुकाने शेजारी शेजारी असण्यात मोठे शहाणपण आहे. गिऱ्हाइकाला भाव आणि माल ताडून पाहता येतो, दुकानदाराला शेजाऱ्याकडून माल उसना आणता येतो.

सोन्या मारुती चौकाच्या परिसरात अमृततुल्यचा चहा घ्यावा. हा धंदा पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवला. पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलची, फडक्यातून गाळलेला चहा. एक छोटा कप प्यायला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस पावसाबद्दल, भावाबद्दल, गणपतीच्या वर्गणीबद्दल काहीतरी बोलतोच. नव्या पद्धतीच्या कॅफेंना मी नावे ठेवणार नाही. पेठांमध्येही ते आले आहेत, तरुण मुले-मुली तिथे बसतात, बसू देत. शहराच्या मध्यभागी तरुणांना यावेसे वाटते हे चांगलेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की पैसे देऊन बसायच्या जागा वाढत असताना पैसे न देता बसायची एकही नवी जागा या पेठांमध्ये झालेली मला दिसत नाही.

तुळशीबागेबद्दल लिहायचे तर पत्र आवरणार नाही. नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ साली राममंदिराचे काम सुरू केले. देवळाचे शिखर आजही आजूबाजूच्या गजबजाटातून वर उठलेले दिसते आणि त्याच्या भोवती बायकांचा हा बाजार वसला आहे. पितळी भातुकली, बांगड्या, रांगोळीचे साचे, ताकाची रवी, संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू, पिना, टिकल्या, देवाची वस्त्रे. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने केलेली पहिली खरेदी इथली आहे. घरून निघताना सांगितलेले कारण एक असायचे, पण खरे कारण मैत्रिणींबरोबर मोकळेपणाने हिंडणे हे असायचे. घासाघीस करायची, काही घ्यायचे, बरेचसे नुसते पाहायचे, श्रीकृष्ण भुवनमध्ये मिसळ खायची आणि घरी जायचे. शहराने बायकांना दिलेली ही मोकळीक होती. त्या काळात दुसरीकडे कुठे ती फारशी मिळत नव्हती. म्हणून या गल्ल्यांमधल्या चालण्याची काळजी घेणे हे वाहतूक विभागापुरते काम आहे असे मी मानत नाही.

दुपार उतरली की बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब पाहायला रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे लागते, आणि पलीकडे उभे राहायला जागा नसते. १८२१ साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज झाले. पुढे अप्पा बळवंत चौक, पुस्तकांचा. जूनमध्ये जुनी क्रमिक पुस्तके विकायला आणि घ्यायला आलेली मुले इथे दिसतात. जवळच पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ साली स्थापन झालेले. त्याच १८४८च्या वर्षारंभी, इथून पायी काही मिनिटांवरच्या भिडेवाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा २०२३च्या डिसेंबरात उतरवला गेला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. स्मारक होईल तेव्हा शाळांच्या सहली येतील. रांगेने चालणाऱ्या त्या चिमुकल्या मुली शिवाजी रस्ता कशा ओलांडतील, त्याचा आराखडा स्मारकाच्या आराखड्याइतकाच आधी तयार हवा.

इतके फिरल्यावर आपल्या सोबतचे वयस्कर माणूस विचारेल, ‘‘जरा कुठे बसू या का?’’ त्या प्रश्नाचे उत्तर पेठेत नाही. देवळाची पायरी किंवा बंद दुकानाची फळी, एवढेच. आईला घेऊन मी या भागात येते तेव्हा दुकाने तिच्या गरजेप्रमाणे ठरत नाहीत, कोणत्या दुकानात स्टूल आहे त्यावर ठरतात. तिला काही घ्यायचे नसले तरी स्टुलासाठी काहीतरी घ्यावे लागते, कारण नुसते बसणे तिला संकोचाचे वाटते. शेवटी ती म्हणते, ‘‘तू जाऊन ये.’’ अशी कितीतरी माणसे आता घरीच राहतात. हीच माणसे या बाजाराची खरी जाणकार. त्यांनाच माहीत असते कोणत्या दुकानात कोणती वस्तू चांगली मिळते. ती येईनाशी झाली की पुढच्या पिढीला ते सांगणारे कोणी उरत नाही.

दुसरा प्रश्न बायकांच्या स्वच्छतागृहांचा. याबद्दल आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नसावी. ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक पुण्याचेच. त्याने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०१५च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे पुरवण्याबद्दल सविस्तर आदेश दिले. त्या खटल्याच्या नावातच पुण्याच्या महापालिका आयुक्तांचा उल्लेख आहे. ज्या बाजारात सर्वाधिक गिऱ्हाईक बायका आहेत, तिथे दिवसभर यायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिता निघणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मीही तसेच केलेले आहे. उन्हाळ्यात हे आरोग्याला घातक असते. दर काही मिनिटांच्या अंतरावर एक स्वच्छतागृह, त्याला नेमलेली आणि नीट पगार मिळणारी माणसे, आणि ते कुठे आहे हे सांगणारी मोठी पाटी, एवढे झाले तर या बाजारात बायका दुप्पट वेळ थांबतील. वर्षभरातल्या कोणत्याही सुशोभीकरणापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

आणि पाणी. हे शहर पाण्याच्या बाबतीत एकेकाळी फार उदार होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून ते पेठापेठांतल्या हौदांत सोडले गेले. काळा हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे आजही पत्त्यांमध्ये आहेत. मात्र ते औदार्य सगळ्यांसाठी नव्हते. तहान लागलेल्या दलित माणसाला त्या हौदांना हात लावता येत नव्हता. म्हणून जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देणे हे इथल्या माणसांनी एवढ्या मोलाचे मानले होते. आज पेठेत फिरणाऱ्या माणसाने वीस रुपयांची बाटली घ्यावी आणि रिकामी बाटली टाकायला कचरापेटी शोधावी, अशी स्थिती आहे. प्रत्येक जुन्या हौदाच्या जागी किंवा जवळ एक पाणपोई सुरू करा. जागा इतिहासानेच नेमून दिल्या आहेत.

आता मंडईकडे येते, कारण माझ्या मागणीचा खरा मुद्दा तिथे आहे. १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडलेली ही इमारत, मधला मनोरा आणि त्याच्या आठ बाजूंना फुटलेल्या पाखा, आजही देखणी आहे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. बांधली गेलेली मंडई शेतकऱ्यांच्या आणि गरीब गिऱ्हाइकांच्या उपयोगाला आली, हे खरेच. तरी जोतीरावांनी विचारलेला प्रश्न, सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जागा नेमकी कोणासाठी खर्च होते, तो मंडईच्या परिसरात आजही विचारावा लागतो. मंडईशेजारी दोन मोठे वाहनतळ आहेत. लोक त्यांना आर्यन आणि मिनर्व्हा म्हणतात. एकेकाळी तिथे त्याच नावांची चित्रपटगृहे होती. आर्यन तर पुण्यातले पहिले, १९१५ सालचे. जिथे शेकडो माणसे एकत्र बसून चित्रपट पाहायची तिथे आता गाड्या उभ्या राहतात. शहराने गाड्यांसाठी एवढे दिले आहे. इतके देऊनही रस्ते मोकळे झाले नाहीत. वाहनतळ आहेत, तरी दुकानांसमोर दोन्ही बाजूंना गाड्या आहेत, आणि एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला असे पी-१, पी-२चे फलकही आहेत.

रस्त्यावरच्या या गाड्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या असतील असे आपल्याला वाटत असेल तर सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी या. बऱ्याच जागा दुकानदार आणि दुकानातली माणसे यांच्या दुचाकींनी तेव्हाच भरतात आणि रात्रीपर्यंत भरलेल्या राहतात. त्यात त्यांचा दोष काढावासा वाटत नाही. नोकरीला येणाऱ्या माणसाला जवळचा, फुकट कोपरा मिळाला तर तो घेणारच. पण ‘गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल’ असे व्यापारी म्हणतात तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे मांडायला हवा. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली स्वतःची गाडी काही विकत घेत नाही. समोरून सावकाश चालणारी माणसे घेतात.

रस्त्यावर पैसे देऊन वाहने लावण्याचे धोरण २०१८ साली मोजक्या रस्त्यांसाठी मंजूर झाले आणि कागदावरच राहिले. आता त्याला नवे बळ मिळू शकते, कारण २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांवर थांबते. पिंपरीहून निघालेली बाई गाडी न काढता थेट मंडईत वर येते. ही फार मोठी सोय झाली आहे. पण स्थानकाच्या सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर पहिली गाठ पुन्हा त्याच कोंडीशी पडते. मध्य पेठांत दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ बस २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा लोकांनी तिचे स्वागत केले होते. मेट्रोच्या तोंडाशी तशा छोट्या बसची जोड हवी.

पदपथांबद्दल फार लिहीत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे आणि उंची १५० मिलिमीटरच्या आत. बाजारपेठेत रुंदी त्याहून जास्त हवी. आपल्या अभियंत्यांना हे पाठ आहे. त्यांनीच जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बसायच्या जागा करून दाखवल्या, आणि तिथे संध्याकाळी म्हातारी माणसे निवांत बसलेली असतात. पेठांमधले रस्ते तेवढे रुंद नाहीत, हे मान्य. म्हणूनच तिथे उंच पदपथ बांधण्यापेक्षा अख्खा रस्ताच काही तास चालणाऱ्यांना देणे सोपे आणि स्वस्त आहे.

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. अंमलबजावणीच्या तक्रारी तिथेही आहेत, पण रस्ता कोणाचा हे एकदा ठरले आहे. चेन्नईने २०१९ साली पाँडी बझारमध्ये रुंद पदपथांचा पादचारी चौक केला. हे दोन्ही आपल्या पेठांसारखेच गजबजलेले, जुने, व्यापाऱ्यांचे बाजार आहेत.

एक भीतीही मोकळेपणाने सांगते. पादचाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करायचा म्हटले की पहिला घाव पथारीवाल्यांवर पडतो. तसे होऊ देऊ नका. पिना, रुमाल, गजरे, लिंबे विकणारी ती बाई या बाजाराचा भाग आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. रस्त्याच्या मोजमापात गाड्यांनी अडवलेली जागा आधी मोजा, मग तिची. तिच्यासाठी रंगाने आखलेली जागा, सावली आणि रात्री माल ठेवायला सोय करा. चालणारा माणूस आणि पथारीवाली यांचे हित एकच आहे. दोघांनाही माणसे थांबायला हवी असतात.

इथे राहणाऱ्यांची बाजूही पाहावी लागेल. पेठेत अजून हजारो कुटुंबे राहतात, त्यांच्याकडे रुग्ण आहेत, शाळेच्या रिक्षा आहेत, गॅसचे सिलिंडर येतात. रहिवाशांना ओळखपत्रावर ये-जा, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांना कायम मोकळी मार्गिका, आणि व्यापाऱ्यांच्या टेम्पोंना सकाळी दहाच्या आत माल उतरवण्याची वेळ, हे आधीच लिहून जाहीर केले तर विरोध बराच कमी होईल. निर्णय घेण्याआधी आळीआळीतून बैठका घ्या. पेठेतली माणसे भांडतात, पण विचारले तर नेमके सांगतात.

आणि वाड्यांच्या पुनर्विकासाकडे लक्ष द्या. जुना वाडा उतरतो तेव्हा रस्त्यालगतची चार-सहा छोटी दुकाने एकदम जातात. नवी इमारत उभी राहते तेव्हा तळमजल्यावर बहुधा वाहनतळ असतो आणि रस्त्याकडे तोंड करून लोखंडी फाटक. दुकानांची सलग ओळ तिथे तुटते. चालणारा माणूस त्या टप्प्यावर वळून परत जातो. अशा दोन-चार इमारती सलग झाल्या की आळी संपते, आणि तिच्याबरोबर ‘तिसऱ्या दुकानात विचारा’ असे सांगणारा माणूसही जातो. मध्य पेठांच्या मुख्य बाजारगल्ल्यांमध्ये तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग छोट्या दुकानांसाठीच राखला जावा आणि आधीच्या भाडेकरू दुकानदाराला तिथेच जागा मिळावी. हे महापालिकेच्या एकटीच्या हातात नाही, राज्य शासनाच्या नियमांतही बदल लागतील. पण तशी शिफारस आपण करू शकता.

मॉलमध्ये लोक का जातात हे मॉल बांधणाऱ्यांनी नीट ओळखले आहे. आत गाडी नाही, बसायला बाक आहेत, स्वच्छतागृह स्वच्छ आहे, वर सावली आहे. दुकाने त्यानंतर येतात. पेठेत दुकाने आहेत, कारागीर आहेत, देवळे आहेत, ग्रंथालय आहे, मिसळ आणि चहा आहे, शेकडो वर्षांची वस्ती आहे. जे तिथे पैसे ओतून तयार करावे लागते ते इथे आधीपासून आहे. इथे फक्त माणसाला थांबता येत नाही, आणि तेवढे करणे महापालिकेच्या आवाक्यात आहे.

म्हणून माझी विनंती अशी. शनिवार निवडा. सकाळी दहा ते रात्री नऊ, लक्ष्मी रस्त्याचा पादचारी दिनाचा पट्टा आणि त्याला लागून तुळशीबाग, मंडई व बोहरी आळीचे रस्ते गाड्यांना बंद ठेवा. सलग सहा महिने ठेवा. एक-दोन आठवड्यांत गोंधळ झाला म्हणून मागे घेऊ नका. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. त्या काळात दुकानदारांची विक्री, पथारीवाल्यांची कमाई, हवेची आणि आवाजाची मोजणी करा आणि आकडे दर महिन्याला जाहीर करा. बाक, पाणपोया आणि स्वच्छतागृहे मात्र पहिल्या शनिवारच्या आधी तयार असू द्या, कारण नुसते अडथळे लावून माणसे येत नाहीत.

गाड्या कुठून वळवायच्या, वाहतूक पोलिसांशी कसे ठरवायचे, फलक कुठे लावायचे, हे सगळे आपल्या विभागांनी २०२१ पासून केलेले आहे. ती फाइल उघडा आणि पहिल्या शनिवारची तारीख जाहीर करा.

आपली,
शुक्रवार पेठेत वाढलेली एक पुणेकर